केटामाइनने आत्महत्येचे विचार एका दिवसात थांबतात का?

आत्महत्येचे विचार येतात म्हणून तुमच्या भावाला इमर्जन्सीत दाखवलं, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि गुण यायला तीन-चार आठवडे लागतील म्हणाले. तोवर काय करायचं, केटामाइनचं खरं आहे का, हे तुम्ही विचारलंय.

मी भूलतज्ज्ञ आहे. केटामाइन माझ्या रोजच्या हातातलं औषध. भूल दिल्यावर पेशंटचे डोळे उघडे राहतात, बुबुळं संथ हलत असतात, पण त्याला वेदना पोचत नाही. याच औषधाचा खूप कमी डोस, किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, ४० मिनिटांत सलाईनमधून दिला की काहींच्या मनातलं मळभ काही तासांत हटतं.

हे तपासणं मात्र अवघड. नुसतं सलाईन मिळालं की औषध, हे पेशंटला लगेच कळतं, कारण केटामाइनने तरंगल्यासारखं होतं. म्हणून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या अभ्यासात (२०१८) तुलनेसाठी गुंगी आणणारं मिडॅझोलॅम दिलं. पेशंट ८०. दुसऱ्या दिवशी आत्महत्येचे विचार निम्म्याने तरी उतरलेले केटामाइनवाले ५५ टक्के, मिडॅझोलॅमवाले ३० टक्के.

फ्रान्समध्ये अॅडमिट असलेल्या १५६ जणांवरचा अभ्यास २०२२ मध्ये आला. तिसऱ्या दिवशी विचार पूर्ण थांबलेले केटामाइन मिळालेल्यांत ६३ टक्के, नुसतं सलाईन मिळालेल्यांत ३२. सहा आठवड्यांनंतर फरक ठामपणे सांगण्याइतका उरला नाही. पण तोवर सलाईनवालेही निम्म्याहून जास्त सावरले होते! माझ्या मते यात दाखल असण्याचा, नेहमीच्या उपचारांचा आणि सोबत माणूस असण्याचा मोठा वाटा आहे. केटामाइनमुळे मिळतात ते दिवस. तेवढ्यात बाकीचे उपचार उभे करावे लागतात. याच कुळातल्या एस्केटामाइन या नाकात मारायच्या स्प्रेला अमेरिकेत २०२० मध्ये अशा पेशंटांसाठी मान्यता मिळाली, तरी त्याने आत्महत्या टळते हे सिद्ध झालेलं नाही, असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलंय.

हे औषध मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच, मॉनिटर असलेल्या ठिकाणी घ्यायचं. बीपी वाढतं. पूर्वी भास होत असतील तर आधी सांगा.

भावाला पुन्हा दाखवा आणि "अॅडमिट करायची गरज आहे का?" असं स्पष्ट विचारा. गोळ्यांची पाकिटं तुमच्या ताब्यात ठेवा, रोजची गोळी हातात द्या. रात्री त्याच्या खोलीत कुणीतरी झोपा. विचार येतात का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने ते वाढत नाहीत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर फोनवर थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा.