न्यूट्रलला टाकली की जीप लगेच का थांबते?

प्रश्न : माझ्याकडे 1990 च्या सुमाराला घेतलेली फोर बाय फोर डिझेल जीप आहे. शेत कोयनानगरच्या वरच्या अंगाला, त्यामुळे ती विकवत नाही. मुलाची नवी छोटी मोटार सपाटीला 50 च्या वेगात न्यूट्रलला टाकली तर अर्धा किलोमीटर घरंगळत जाते. माझी जीप त्याच रस्त्यावर दीडशे मीटरमध्ये उभी राहते. गॅरेजवाला म्हणतो, "फोरव्हीलची गाडी जडच असते, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढून टाका." काढू का? सहा महिन्यांपूर्वी ब्रेकचं काम झालंय, टायर नवे आहेत.
— एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा

उत्तर : पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा तो शाफ्ट जागेवर राहू द्या. तुम्ही अंतर मोजून कळवलंत, हे फार बरं केलंत. "गाडी ओढत नाही" एवढंच लिहिणाऱ्या पत्रांना काय उत्तर देणार?

थोडा हिशोब मांडतो. माणसांसकट तुमची जीप 1,600 किलोच्या आसपास धरू. सपाट डांबरी रस्त्यावर ती नुसती गडगडत ठेवायला 30 किलोच्या आसपास जोर लागतो, म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस ढकलू शकेल इतकाच. वाऱ्याचा अडथळा 50 च्या वेगाला आणखी 18-20 किलो. वेग निम्मा झाला की तो पाव होतो, म्हणून सरासरीत तो निम्म्याहून कमीच भरतो. गिअर, डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा संच), शाफ्ट यांचे चारपाच किलो मिळवा. अशी गाडी 50 वरून साडेतीनशे मीटर तरी जायला हवी. तुमची दीडशेत थांबते, याचा अर्थ तिला एकूण शंभर किलोंच्या वर जोर मागे ओढतोय, त्यातले साठेक किलो जादा. सिमेंटची दोन पोती दोराने बांधून मागे फरफटत न्यावीत, तेवढा हा जादा भार आहे.

फोरव्हीलमुळे एवढा भार पडत नाही. गॅरेजवाल्याचं म्हणणं अगदी खोटं नाही, पण ते चारपाच किलोंपुरतं खरं आहे. आपल्या जुन्या जीप अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीपच्या घराण्यातल्या. त्यांच्या पुढच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, ॲक्सलपासून सुटण्याची सोय नसे. टू-व्हील-फोरव्हील बदलायची लिव्हर टू-व्हीलवर असली तरी पुढची चाकं फिरताना ॲक्सल, डिफरन्शियल आणि पुढचा शाफ्ट सगळं उगाच फिरवत बसतात. हे फिरणं वाचवायला अमेरिकेतल्या वॉर्न यांनी 1948 मध्ये हाताने लॉक करायचे हब काढले. तसे हब बसवलेत तर डिझेल थोडं वाचेल, स्टिअरिंगही किंचित हलकं लागेल. पण नुसता शाफ्ट काढलात तर ॲक्सल आणि डिफरन्शियल फिरतच राहणार, आणि पावसाळ्यात शेताच्या चिखलात अडकल्यावर ट्रॅक्टरवाल्याला फोन करावा लागणार.

एक खात्री मात्र आधी करा. लिव्हर टू-व्हीलला आणली तरी आतला गिअर कधी कधी सुटत नाही. कोरड्या डांबरावर वळताना स्टिअरिंग जड होऊन गाडी अडखळत असेल, तर ही शंका घ्या. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, मागच्या चाकांना दगड लावा, मुख्य गिअर पहिल्यात ठेवा. लिव्हर खरोखर टू-व्हीलला असेल तर पुढचा शाफ्ट हाताने फिरेल.

आता माझं ऐकून घ्या, कारण मीही याच चुकीतून गेलोय. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस मी, पण घरच्या जीपला हीच तक्रार सुरू झाली तेव्हा आधी डिफरन्शियलचं तेल बदललं, मग बेअरिंगं, मग टायर. पैसे गेले, फरक शून्य. एके दिवशी ओढ्यातून गाडी बाहेर काढली आणि बघतो तर तीन चाकं नुसती ओली, पुढच्या डाव्या चाकातून मात्र भाजीच्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी वाफ. दोष त्या चाकाला ब्रेकचं तेल नेणाऱ्या रबरी होज पाइपात होता. बाहेरून पाइप नव्यासारखा, आतून रबर फुगलेलं. पेडल दाबलं की तेल आत जाई, कारण पायात जोर असतो. परत यायला शूच्या (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांच्या) स्प्रिंगचाच काय तो जोर, त्याला ते दार उघडेना. (मुद्दाम पाणी ओतून ही परीक्षा करू नका. तापलेला ड्रम तडकतो.)

तुम्ही दहा किलोमीटर चालवा, शेवटचा एखादा किलोमीटर ब्रेक न लावता, आणि थांबल्याबरोबर उलटा तळहात प्रत्येक ड्रमजवळ न्या. लगेच टेकवू नका, भाजेल. चारही कोमट असतील तर ब्रेक बहुधा निर्दोष. एखादा तापला असेल तर ते चाक उचला, हाताने फिरवा. अडलं तर ब्लीडर निपल (चाकामागचा, ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) पाव आटा सोडा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर तेल आत कोंडलं होतं. मग निपल बंद करून पेडल दाबा, चाक पुन्हा अडेल. या वेळी मास्टर सिलिंडरकडचा (पेडल दाबल्यावर चाकांकडे तेल ढकलणाऱ्या सिलिंडरकडचा) पाइप सैल करा. त्याने चाक सुटलं तर मास्टरचा दोष, बहुतेकदा पेडलच्या दांड्याला मोकळीक ठेवलेली नसते आणि तेल परत जायचं भोक बुजलेलं राहतं. अशा वेळी सहसा एक नाही, सगळीच चाकं धरतात. मास्टरकडे सोडूनही अडलेलंच, पण निपल सोडल्यावर सुटतं, तर मधला होज बदला. निपल सोडूनही अडलं तर तेलाचा काही संबंध नाही. शू जास्त वर घेतलेत, नाहीतर व्हील सिलिंडर (चाकातला, शू ढकलणारा सिलिंडर) गंजलाय. हे झाल्यावर ब्रेकची हवा काढून पेडल टणक लागतंय याची खात्री करूनच गाडी रस्त्यावर आणा.

सहा महिन्यांपूर्वी काम झालंय म्हणता, म्हणूनच मला जास्त संशय. ब्रेक "टाइट" करून दिले की गिऱ्हाईक खूश होतं. त्याच वेळी हबचा नट आवळला गेला असेल तर बेअरिंगही जखडतं. मग ड्रमची कड नाही, मधला हब तापतो. हा फरक हाताला कळतो.

चारही चाकं थंड निघाली तर हँडब्रेककडे वळा. विलीज घराण्यातल्या पुष्कळ गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे, शाफ्टवर असतो. डिफरन्शियलचं प्रमाण 4.88 किंवा 5.38, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे पाच फेरे. तिथला ड्रम जरासा जरी घासला तरी चाकाशी ते घासणं पाचपट होऊन पोचतं. चाकं थंड, गाडी मात्र जखडलेली, आणि खालून जळक्या लायनरचा वास, ही त्याची खूण. केबल सोडून पुन्हा दीडशे-साडेतीनशेची परीक्षा घ्या.

घट्ट तेल आणि घासणारा ब्रेक यांतला फरक जॅक न लावताही थोडाफार समजतो. पहाटे गाडी जड आणि वीस किलोमीटरनंतर हलकी होत असेल तर गिअरचं तेल जाड आहे. पहाटे हलकी आणि तापल्यावर जड होत गेली तर कोंडलेलं तेल तापून फुगतंय, म्हणजे ब्रेक. तुम्ही पत्रात सकाळ-दुपारचा फरक लिहिला नाहीत, तो पाहून कळवा.

टायर नवे आहेत म्हणालात, ते चिखलाच्या खोल गाठींचे असतील तर पाचदहा किलो त्यांनाही द्या. हवा कमी ठेवायची सवय असेल तर ती शेतापुरती ठेवा. टायरची कड करवतीच्या दातांसारखी झिजत असेल तर पुढच्या चाकांचं टो-इन (चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते) तपासा.

आणि हा घरंगळण्याचा खेळ सपाटीवर, मोकळ्या रस्त्यावर, इंजिन चालू ठेवूनच करायचा. कुंभार्ली घाट उतरताना न्यूट्रलला टाकून मुलाच्या गाडीशी बरोबरी करायला जाऊ नका. तिथे ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरा. गिअरमध्ये जीप अडते ती इंजिनामुळे, त्याला दोष समजू नका.