रात्री कौलांवर कोण फिरतं?

प्रश्न: ताई, घर चिपळूणजवळ आहे, मागे सुपारीची बाग आणि पपईची झाडं. रोज रात्री कौलांवर कोणीतरी फिरतं, सकाळी अर्धी खाल्लेली पपई आणि गडग्यावर बियांनी भरलेली विष्ठा दिसते. मोबाईलच्या नाईट मोडमध्ये नुसता धूसर पट्टा येतो. शेजारचे काका म्हणतात अंडं टाकून ठेव आणि जोरात टॉर्च मार. काय करू? - एक वाचक

उत्तर: बियांची विष्ठा, पपई आणि कौलं, तिन्ही एकत्र म्हणजे बहुतेक उदमांजरच! फळं खातं, बिया तशाच बाहेर टाकतं, म्हणजे तुमच्या बागेत झाडं लावायचं काम पण तेच करतं, त्यामुळे अर्धी पपई गेली तर जाऊ द्या हो.

अंडं अजिबात टाकू नका. एकदा खायला मिळालं की प्राणी रोज येतो, माणसाला घाबरेनासा होतो, मागोमाग भटकी कुत्री येतात आणि मग त्याचाच जीव जातो. टॉर्चचं पण तसंच, अंधारात त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पूर्ण उघडलेल्या असतात, जोरदार उजेड पडला की काही वेळ त्याला नीट दिसत नाही आणि अशात कौलावरून उडी मारायची म्हणजे विचार करा. बघायचंच असेल तर टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा आणि उजेड थेट डोळ्यांवर न मारता बाजूला ठेवा.

नाईट मोड का चालत नाही तर फोन दोन-तीन सेकंदांत बरेच फोटो काढून एकत्र करतो, प्राणी तेवढ्यात पुढे गेलेला असतो. अंगणातला बल्ब रोज चालूच असतो ना, त्याच्या उजेडात फोन कशाला तरी टेकवून व्हिडिओ लावा, फोटोपेक्षा बरं येईल.

पण खरी मजा ट्रेल कॅमेऱ्यात आहे, काही हजारांत मिळतो. हलणाऱ्या अंगाची उष्णता कळली की तो आपोआप फोटो काढतो. घेताना त्याचं इन्फ्रारेड, म्हणजे माणसाला जवळजवळ न दिसणारा उजेड, किती नॅनोमीटरचं ते विचारा, ८५० वाल्याचा उजेड लांब जातो पण त्याचे दिवे लालसर दिसतात, ९४० वाला जवळजवळ दिसतच नाही पण पल्ला कमी. तुमचं अंतर कमी आहे, ९४० घ्या. आधी काही रात्री नुसतं बसून बघा ते कुठून येतं, कारण उदमांजर ठरलेल्या वाटेने जातं, मग गडग्यापासून दोन-तीन मीटरवर, त्याच्या पाठीच्या उंचीला कॅमेरा बांधा आणि तोंड वाटेला आडवं ठेवा, समोरून येणारा प्राणी सेन्सरला उशिरा कळतो. समोर हलणारी फांदी नको, नाहीतर सकाळी कार्डभर पानांचेच फोटो! फोटो पांढरेफटक आले तर दिव्यांवर टिश्यू पेपरचा तुकडा चिकटवा. आणि शेजाऱ्यांचं दार-खिडकी फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

बागेत रात्री जाताना बूट घाला आणि टॉर्च पायाशी ठेवा, घोणस आणि मण्यार दोन्ही रात्रीच फिरतात. बिबट्याची चाहूल असेल तर बाहेर बसूच नका, वनखात्याला १९२६ वर फोन करा.

प्रश्न: आम्ही ठाण्यात सातव्या मजल्यावर, आम्हाला काय दिसणार? - एक वाचक

उत्तर: भरपूर! पावसाळ्यात बाल्कनीत पांढरी चादर टांगा, समोर बल्ब लावा, पतंग येऊन बसतात, शांत बसलेले असल्यामुळे मोबाईलनेही छान फोटो येतात. फक्त अकरापर्यंत दिवा बंद करा आणि चादर हलकेच झटका, रात्रभर उजेडाभोवती फिरून ते दमतात आणि सकाळी पक्षी आयते टिपतात. खाली उंबर किंवा बदामाचं झाड असेल तर फळं पिकली की मोठी वटवाघळं येतील, आणि पिंगळा तर अंधार पडायच्या आधीच ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो, तेव्हा फ्लॅशशिवाय फोटो मिळतो. ढोलीत पिल्लं असतील तर मात्र लांबूनच बघा.