बेसबॉलच्या मॅचवर पैसे लावायचे तर स्ट्रॅटेजी कशी बनवावी?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत राहता, क्रिकेट मुरलेलं आहे, बेसबॉल अलीकडे बघायला लागलात आणि 'आज कोण जिंकणार' हे ओळखायची पद्धत हवी आहे. शिवाय सुट्टीत पुण्याला गेल्यावर तिथून लावता येईल का, हेही विचारलंय. ते शेवटी सांगतो.

कोण जिंकणार हा प्रश्नच आधी सोडून द्या. बघायचं ते एवढंच, की मिळणारा भाव रास्त आहे का. 2024 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स 162 पैकी 121 मॅच हरले, आधुनिक काळातला हा विक्रम आहे. तरी 41 जिंकलेच की! उलट शंभर मॅच जिंकणारी टीम म्हणजे जबरदस्त, तीही 62 हरते. त्यामुळे दर वेळी डॉजर्ससारख्या तगड्या टीमवर लावणारा माणूस बहुतेक वेळा बरोबर ठरतो आणि तरी सीझनअखेर खिसा हलका करून बसू शकतो, कारण डॉजर्सचा भाव कधीच स्वस्त नसतो.

आता आकडे. समजा फेव्हरिट -150 ला आहे आणि समोरची टीम +135 ला. -150 म्हणजे 100 डॉलर कमवायला 150 लावा. ती टीम 60 टक्के वेळा जिंकली तर तुम्ही जेमतेम बरोबरीत. +135 म्हणजे 100 लावले तर वर 135 मिळतील, तिथे बरोबरीसाठी 42.6 टक्के पुरतात. बेरीज होते 102.6. शंभराच्या वरचं ते बुकीचं कमिशन.

तुमच्या अभ्यासाप्रमाणे दुबळ्या टीमला 43 टक्के चान्स आहे असं धरू. +135 ला शंभरामागे सरासरी एक डॉलर सुटतो, आणि तुमच्या अंदाजातली चूक त्याहून मोठी असणार, तेव्हा सोडून द्या. हाच भाव दुसऱ्या ॲपवर +150 दिसला तर शंभरामागे साडेसात डॉलर. मॅच तीच, मत तेच, निर्णय उलटा. म्हणून दोन-तीन कायदेशीर ॲपवर खाती ठेवून भाव ताडून बघणं हीच अर्धी स्ट्रॅटेजी आहे, आणि तिला बेसबॉल कळावंही लागत नाही.

ते 43 आणायचे कुठून? सुरुवात रन्सपासून. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचं सूत्र सोपं आहे: केलेल्या रन्सचा वर्ग, भागिले केलेल्या आणि दिलेल्या रन्सच्या वर्गांची बेरीज. टीमने खरं तर किती टक्के मॅच जिंकायला हव्या होत्या ते यातून कळतं. एकेका रनने मॅच काढत वर गेलेली टीम इथे उघडी पडते.

मग पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. नवखे लोक ईआरए बघतात, म्हणजे नऊ इनिंग्जमागे पिचरने दिलेल्या रन्स, फील्डर्सच्या चुकांनी आलेल्या सोडून. पण त्यात मागच्या फील्डर्सची करामत आणि नशीब दोन्ही मिसळलेलं असतं. एफआयपी नावाचा आकडा फक्त स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक (चार वाइड बॉलमुळे बॅटरला फुकट बेस), अंगावर मारलेले बॉल आणि होमरन मोजतो, म्हणजे बराचसा पिचरच्या हातातला हिशोब. ईआरए खराब पण एफआयपी चांगला, असा पिचर दिसला की थांबून बघा. लोक त्याला शिव्या देत असतात, त्यामुळे भाव कधीकधी बरा मिळतो. मात्र स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर, हल्ली सरासरी पाच-सव्वापाच इनिंग्जच टाकतो. पुढे बुलपेन, म्हणजे नंतर येणाऱ्या राखीव पिचरांचा ताफा. क्लोजर, म्हणजे शेवटी मॅच संपवायला येणारा पिचर, लागोपाठ दोन दिवस आला असेल तर आज बहुधा येणार नाही. बुलपेनची भानगडच नको असेल तर फक्त पहिल्या पाच इनिंग्जवरही लावता येतं. आणि रात्रीच्या मॅचनंतर दुसऱ्याच दिवशी दुपारची मॅच असली की मुख्य कॅचरला बऱ्याचदा विश्रांती देतात, तेव्हा लाइनअप जाहीर होईपर्यंत दम धरा.

मैदान विसरू नका. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून मैलभर उंचावर, विरळ हवेत बॉल लांब जातो. शिकागोत रिग्ली फील्डला वारा कुठून वाहतोय यावर टोटल रन्सचा (दोन्ही टीम मिळून) भाव हलतो. पण हे बुकीलाही पाठ असतं हं.

'सलग पाच हरलेत, आज जिंकणारच' हा मटक्यातला 'आज आकडा निघणारच' छाप विचार. पार्ले, म्हणजे चार-पाच बेट्सची साखळी, सगळ्या जिंकल्या तरच पैसे, त्यात प्रत्येक कडीवर कमिशन चढत जातं. ॲप तेच पुढे पुढे का करतं ते ओळखा.

किती लावायचं? जॉन केली यांचं सूत्र बघा. ते 1956 मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना मांडलं. वरच्या +150 च्या उदाहरणात ते भांडवलाच्या 5 टक्के लावायला सांगतं. मला ते फार वाटतं. आपले 43 टक्के हाच मुळात अंदाज, म्हणून त्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त लावू नका. हे भांडवलही वेगळं काढलेलं हवं, घरभाड्यातलं नको.

प्रत्येक बेटचा भाव आणि मॅच सुरू होतानाचा शेवटचा भाव वहीत शेजारी शेजारी लिहा. +150 ला घेतलेलं शेवटी +135 वर बंद होत असेल, आणि असं वारंवार होत असेल, तर तुम्हाला काहीतरी कळतंय. नुसती हारजीत फसवते: -110 च्या भावाला 500 बेट्स केल्या, तर जेमतेम बरोबरीतला, म्हणजे 52.4 टक्के जिंकणारा माणूसही आठांत एकदा 55 टक्के जिंकून दाखवतो. आणि खरंच जिंकायला लागलात तर बरीच ॲप्स तुमची पैसे लावायची मर्यादाच कमी करतात, हे आत्ताच ऐकून ठेवा.

टॅक्सही बघा. 2026 पासून फेडरल टॅक्समध्ये हरलेल्या रकमेची 90 टक्केच वजावट मिळते. वर्षात 10,000 जिंकले, 10,000 हरले, हाती शून्य, तरी 1,000 डॉलर उत्पन्न धरलं जाईल.

पुण्याचं: नाही. न्यू जर्सीची ॲप्स तुमचं लोकेशन तपासतात, राज्याबाहेरून बेट घेतच नाहीत. भारतात 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. व्हीपीएनचा उद्योग करू नका, खातं आणि त्यातले पैसे दोन्ही अडकतील.