जीपीएस ट्रॅकरला ॲक्सेलरोमीटर जोडला तर घाटात आणि पुलाखाली गाडी बरोबर दिसेल का?

तुमचं म्हणणं असं, की चोर्ला घाटातून बेळगावला जाणाऱ्या पिकअपवर ट्रॅकर बसवलाय. झाडीत ठिपका उड्या मारतो, पणजीत अटल सेतूखालून जाताना गाडी मांडवीत दिसते, म्हणून आता एमपीयू-६०५० (ॲक्सेलरोमीटर म्हणजे त्वरण मोजणारा आणि जायरो म्हणजे वळणं मोजणारा सेन्सर, दोन्ही असलेली चिप) लावायचा आहे. लावा, पण त्याच्यातल्या ॲक्सेलरोमीटरवर भिस्त ठेवू नका. डिचोलीत खासगी मिनीबसवर हेच करून मी हात पोळून घेतलेत.

मे महिना होता. डबी डॅशबोर्डवर दोन बाजूंच्या टेपने चिकटवली होती. उन्हाने टेप मऊ झाली आणि डबी पुढे कलली, फार नाही, एखादा अंश. आता एक अंश कललं की गुरुत्वाकर्षणाचा ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढा हिस्सा पुढे जाण्याच्या दिशेत शिरतो, आणि सेन्सरला वाटतं गाडी वेग घेतेय. त्वरणावरून वेग, वेगावरून अंतर, असं दोनदा बेरजेत गेल्यावर १० सेकंदांत साडेआठ मीटरची चूक होते आणि एका मिनिटात ३०० मीटरची. मी अँटेना काढून तपासत होतो. बस स्टँडवर उभी, कंडक्टर चहा पितोय, आणि स्क्रीनवर बस केव्हाच गावाबाहेर! घाटातला चढ-उतारसुद्धा सेन्सरला असाच फसवतो. आता मी डबी स्क्रूने बसवतो.

त्याच चिपमधला जायरो मात्र कामाचा आहे. त्याचीही चूक साठत जाते, पण ती पकडायची सोपी युक्ती आहे: गाडी थांबली की जायरोने शून्य दाखवायला हवं. जे दाखवेल ती त्याची खोट, ती वजा करायची. तापमानाबरोबर ती बदलते, म्हणून प्रत्येक थांब्यावर पुन्हा मोजायची.

आणि चाकाचा वेग घ्या. माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा याचाच. ॲक्सेलरोमीटरची चूक वेळेच्या वर्गाने वाढते, चाकाची फक्त अंतराबरोबर. टायरचा घेर १ टक्का चुकला तरी किलोमीटरमागे १० मीटरच, आणि मोकळ्या रस्त्यावर जीपीएसशी ताडून तो घेर आपोआप सुधारता येतो. चाक आणि जायरो एवढ्यावर दोन-तीन मिनिटांचं झाडीचं पांघरूण आरामात निभावतं. (कोकण रेल्वेने येताना पेडण्याच्या बोगद्यात फोनवरचा ठिपका गोठतो तो याचमुळे: फोनला रेल्वेचं चाक कुठून दिसणार?)

हे सगळं एकत्र बांधायला कालमन फिल्टर, म्हणजे प्रत्येक सेन्सरवर किती विश्वास ठेवायचा ते धरून सगळ्यांच्या आकड्यांतून गाडीच्या जागेचा अंदाज काढणारं गणित. १९६० मधली कल्पना, अपोलो यानांतही वापरली गेली. कोड नेटवर मिळतो; डोकं लागतं ते कुणावर केव्हा किती विश्वास ठेवायचा हे ठरवायला. जीपीएसचा सिग्नल २०,००० किलोमीटरवरून अगदी क्षीण होऊन येतो. पावसाळ्यात ओली पानं त्याला आणखी खातात. पुलाखाली तर तो काँक्रीटवर आपटून लांबच्या वाटेने येतो, आणि जीपीएस मॉड्यूल ती चुकीची जागासुद्धा छातीठोकपणे सांगतं. म्हणून फिल्टरच्या अंदाजापासून फारच दूर पडलेलं रीडिंग फेकून द्यावं. मी तेच केलं, आणि एकदा फिल्टर स्वतःच भरकटला. मग तो खरं जीपीएसही खोटं म्हणून फेकत राहिला आणि बस पर्वरीला पोचली तरी नकाशावर नदीतच. तेव्हापासून नियम केलाय: सलग १० रीडिंग नाकारली गेली आणि ती आपसांत जुळत असली, तर हट्ट सोडून जीपीएसचं ऐकायचं.

अटल सेतू जुन्या दोन पुलांच्या मधून, पण बराच उंचावरून जातो. नकाशावर तिन्ही रेघा एकमेकींना खेटून, त्यामुळे गाडी नेमकी कुठल्या पुलावर हे जीपीएसला कळणं कठीण. तिथे स्वस्तातला बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारा सेन्सर) लावा. साधारण ८ मीटर चढलं की दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो, आणि एवढा फरक तो सहज ओळखतो. फक्त हवामानानेही दाब बदलतो, तेव्हा आकडा नको, मागच्या मिनिटातला फरक बघा. दार आपटलं की जो झटका येतो तो गाळून टाका.

वेळेची नोंदही सांभाळा. जीपीएसचं रीडिंग ०.२ सेकंद उशिरा हातात आलं, तर ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी तेवढ्यात ३ मीटरहून जास्त पुढे गेलेली असते.

जीपीएस मॉड्यूल घ्यायचं बाकी असेल तर एल१ आणि एल५ असे उपग्रहांचे दोन्ही रेडिओ-पट्टे ऐकणारं घ्या. आपल्या नाविकचे (भारताच्या स्वतःच्या जीपीएससारख्या व्यवस्थेचे) उपग्रहही एल५वर बोलतात, आणि त्या पट्ट्यात परावर्तित सिग्नल वेगळा ओळखता येतो. पण त्याआधी पिकअपच्या ओबीडी पोर्टमधून (गाडीतल्या संगणकाची माहिती वाचायच्या जोडणीतून) वेग मिळतो का ते बघा. मिळत नसेल तर गाडीचं मॉडेल कळवा, स्पीडोमीटरच्या सेन्सरची वायर कुठून काढायची ते सांगतो.