‘टॉड्री’ : एका संत स्त्रीच्या नावाचा गोफ

प्रश्न असा आला आहे : एका कथेत ‘टॉड्री ज्वेलरी’ असं वाचलं, कोशात ‘भडक, हलक्या दर्जाचे’ हा अर्थ मिळाला, पण शब्द आला कुठून, आणि मराठीत काय म्हणावं?

हा इंग्रजी शब्द एका संत स्त्रीच्या नावातून आला, आणि त्याची कहाणी मला फार चटका लावते. पूर्व इंग्लंडमधल्या ईली इथे ६७३ साली एथेलथ्रिथ नावाच्या राणीने मठ स्थापन केला. लोकांच्या तोंडी तिच्या नावाचं पुढे ‘ऑड्री’ झालं. ६७९ साली ती वारली, तेव्हा तिच्या मानेवर मोठी गाठ होती. तरुणपणी हौसेने गळ्यात माळा मिरवल्या, त्याचं हे प्रायश्चित्त, असं म्हणून तिने ते दुखणं आनंदाने सोसलं, असं बीड या मठवासी इतिहासकाराने नोंदवलं आहे.

आणि पुढे तिच्याच नावाच्या जत्रेत बायकांच्या गळ्यात घालायचे रेशमी गोफ विकले जाऊ लागले! त्यांना म्हणत ‘सेंट ऑड्रीज लेस’. इथे लेस म्हणजे जाळीदार किनार नव्हे, तर दोरी किंवा गोफ. बुटाच्या लेसमधली आणि नेकलेसमधली लेस तीच. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ फास.

‘सेंट ऑड्री’ भरभर म्हणून पाहा. ‘सेंट’मधला ट पुढच्या शब्दाला चिकटतो आणि मागचं गळून ‘टॉड्री’ उरतं. लंडनची टूली स्ट्रीट अशीच सेंट ओलाव्हच्या नावातून झाली. उलटा प्रकारही आहे : ‘अ नॅप्रन’मधला न मागच्या ‘अ’ला चिकटला आणि ‘अन एप्रन’ झालं.

सुरुवातीला या शब्दात हेटाळणी नव्हती. १५७९ मध्ये इंग्रज कवी स्पेन्सरच्या कवितेत तरुणी नटण्यासाठी कमरेला ‘टॉड्री लेस’ बांधतात. पुढे असा माल स्वस्त आणि चकचकीत होत गेला, सतराव्या शतकात ‘टॉड्री’ हे स्वतंत्र विशेषण झालं, आणि अर्थ घसरला तो कायमचा.

मराठीत ‘भपकेबाज’ मला पटत नाही. भपका पुष्कळ पैसे ओतूनही करता येतो. ‘भडक’मध्ये रंग येतो, हलकेपणा येत नाही. दागिन्यांपुरतं मी सरळ ‘जत्रेतले दागिने’ लिहीन.