एनएफएसवर ठेवलेल्या फायली मध्येच खराब होतात. क्लायंटमधला बग कसा शोधावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या रामबागेतल्या स्टुडिओत दोन लिनक्स मशीनवरून (हेच क्लायंट) लग्नाचे फोटो एकाच एनएफएस (नेटवर्कवरून फायली वापरण्याची पद्धत) सर्व्हरवर जातात, अधूनमधून एखाद्या फोटोचा खालचा भाग राखाडी होतो आणि लॉगमध्ये काहीच सापडत नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) तुम्ही स्वतः बांधता, म्हणून पॅच (कोडची दुरुस्ती) कुठे करायचा हे विचारताय.

मीही इंदूरचाच, कामही स्टोरेजचंच. माझं ठाम मत आहे की इतक्यात कोड उघडू नका. कॅमेऱ्याच्या कार्डावरची मूळ फाईल आणि खराब झालेली फाईल ‘सीएमपी’ या कमांडने बाइट-बाइट ताडून पाहा. बिघाड कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि मधे शून्यं आहेत की जुना मजकूर, यावरूनच अर्धा शोध लागतो. सुरुवात आणि शेवट दोन्ही ४०९६च्या पटीत असतील तर संशय पेज कॅशवर, म्हणजे कर्नल फायलींचा डेटा मेमरीत ४०९६ बाइटच्या पानांत ठेवतो त्या जागेवर. एखादाच बिट उलटला असेल तर आधी रॅम तपासा.

तुमचं वर्णन वाचून मला फाईलच्या आकाराची शर्यत वाटते, म्हणजे दोन गोष्टींचा क्रम उलटल्याने होणारी चूक. क्लायंटच्या मेमरीत अजून न पाठवलेला डेटा असतो, तेवढ्यात आधी पाठवलेल्या, फाईलची माहिती विचारणाऱ्या गेटअ‍ॅट्रचं उत्तर उशिरा येतं. त्यात फाईलचा जुना, लहान आकार असतो. क्लायंटने तो खरा मानला की पुढची पानं कापली जातात आणि नंतर तिथे शून्यं दिसतात. दुरुस्ती दोन ठिकाणी लागते: लिहायचा डेटा शिल्लक असेपर्यंत सर्व्हरच्या सांगण्यावरून आकार कमी करायचा नाही, आणि प्रत्येक विनंतीबरोबर क्रमांक नोंदवून मागे पडलेलं उत्तर टाकून द्यायचं. कॅश बंद केल्यावर बिघाड थांबू शकतो, पण ती दुरुस्ती नव्हे. त्याने फक्त वेळा बदलतात आणि बग लपतो.

संशयाची दुसरी जागा कमिटची, म्हणजे डेटा सर्व्हरच्या डिस्कवर पक्का करण्याची. एनएफएसच्या १९९५च्या आवृत्ती ३पासून सर्व्हर डेटा डिस्कवर न नेताच ‘मिळाला’ म्हणू शकतो आणि सोबत एक व्हेरिफायर (खुणेचा आकडा) देतो. सर्व्हर रीबूट झाला की हा व्हेरिफायर बदलतो. तेव्हा कमिट न झालेली सगळी पानं क्लायंटने पुन्हा पाठवायलाच हवीत. मोठी फाईल लिहिताना सर्व्हर मुद्दाम रीबूट करून हे तपासा.

माउंट (सर्व्हरवरचं फोल्डर क्लायंटला जोडणं) ‘सॉफ्ट’ असेल तर आजच ‘हार्ड’, म्हणजे उत्तर येईपर्यंत प्रयत्न चालू ठेवणारं, करा. सॉफ्टमध्ये टाइमआउट झाला की लिहिणं अर्धवट सुटतं, आणि प्रोग्रामने एफसिंक (डेटा डिस्कवर पोचवायला सांगणं) किंवा क्लोज (फाईल बंद करणं) याची एरर पाहिली नाही तर कुणालाच पत्ता लागत नाही. दोन्ही मशीन एकाच फाईलला शेवटी जोडत असतील तर त्यात क्लायंटचा दोष नाही, एनएफएसमध्ये तशी सोयच नाही.

पॅच झाल्यावर एफएसएक्स (फाईल सिस्टीमची कसून चाचणी घेणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा, आणि त्याच वेळी दुसऱ्या मशीनवरून त्याच फायलींचा आकार सतत विचारत राहा. त्याशिवाय ही शर्यत सहसा पकडीत येत नाही.

तोवर कार्डं पुसू नका, लग्न पुन्हा होत नाही. चेकसम (फाईल बदलली का हे ओळखायचा, तिच्या मजकुरावरून काढलेला आकडा) काढायचा तो सर्व्हरवर बसून काढा. त्याच क्लायंटवरून काढलात तर आकडा त्याच्या कॅशमधून येईल आणि फाईल ठीक असल्याचं भासेल.