रेस फ्युएलवरची बॅन्शी पंपावरच्या पेट्रोलवर आणायची

प्रश्न: मी कॅलिफोर्नियात असतो. जुनी यामाहा बॅन्शी ३५० क्वॉड (चार चाकांची ऑफ-रोड गाडी) घेतलीय, आधीच्या मालकाने पोर्टिंग (सिलिंडरमधली वायूची भोकं मोठी करणं) केलंय, हेडही (सिलिंडरचं वरचं झाकण) बदललंय, ११० ऑक्टेनचं रेस फ्युएल लागतं आणि ते परवडत नाही. पंपावरचं ९१ चालेल का?

उत्तर: नुसतं पेट्रोल बदलू नका हो, नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकणं) होऊन पिस्टनला भोक पडेल! पोर्टिंगला हात लावायची गरज नाही, खरा मुद्दा कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं याचा आहे. तुमच्या हेडचे डोम (आतले वाटीसारखे भाग) सुटे निघत असतील तर जास्त सीसीचे, म्हणजे जास्त आकारमानाचे डोम टाका, म्हणजे चेंबर मोठा होऊन प्रेशर उतरेल, पण स्क्विश (पिस्टन अगदी वर असताना त्याची कड आणि हेड यांमधली फट) मात्र ढिला करू नका, सोल्डरची तार पिस्टनवर ठेवून, इंजिन हाताने फिरवून, चेपलेली तार मोजा, साधारण १ ते १.२ मिमी हवी. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे घेतलं असेल तर मागे आणा. आणि तिकडच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, त्याने मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, म्हणून सुरुवात कार्ब्युरेटरच्या मोठ्या मेन जेटने (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राने) करा आणि स्पार्क प्लगचा रंग बघत बघतच लहान जेटकडे या, घाई अजिबात नको. बाकी भारतातल्या ९१शी तुलना करू नका, अमेरिकेत पंपावर रिसर्च आणि मोटर (ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती) ऑक्टेनची सरासरी लिहितात, भारतात नुसता रिसर्च.